न पाहिलेली नावं

पिंट्या हे नाव तीन वर्षांच्या पोराला शोभतं. पण ते चिकटलं होतं पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका गृहस्थाला, आणि चिकटवलं होतं त्याच्या थोरल्या बहिणीने. आपल्या दोघांपैकी एकजण गेल्याशिवाय हे नाव काही सुटत नाही, असं तो म्हणायचा. ताई म्हणायची, मग लवकर जा बाबा, मी कंटाळले.

बाकी जग त्याला काका म्हणायचं. जग म्हणजे इस्पितळ. त्याच्या तळघरात संगणक विभाग होता, आणि वरच्या मजल्यांवर जे काही अडेल ते शेवटी गडगडत खाली काकांच्या टेबलावर येऊन थांबायचं. प्रिंटर कागद गिळतोय, काका. पासवर्ड विसरलो, काका. स्क्रीन काळी झाली, काका. आणि जाऊन पाहावं तर वायर निघालेली. दिवसभराचं दमणं माणूस झोपेवर भागवतो. पिंट्याचं दमणं वर्षांचं होतं. तो सुट्टीवर गेला की तेही सोबत सुट्टीवर जायचं, आणि त्याच्या आधी परत कामावर हजर व्हायचं.

त्या दिवशी साहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. वयाने पिंट्याहून लहान, आवाजाने मोठे.

"काका, एक ओळ लिहून द्या. प्रोग्राममध्ये दोष आढळला नाही. खाली सही. तक्रारीचं प्रकरण बंद करायचंय."

"कुठली तक्रार?"

"अहो, ती टाके पिकलेल्या बाईंची." साहेब जरा घुटमळले. "तुमच्या ताईंचं प्रकरण. त्यांनी स्वतःच लिहून दिलंय म्हणे, चूक माझी म्हणून. राजीनामाही दिलाय. आपल्याला आता फक्त कागद पुरा करायचाय."

पिंट्याला राजीनाम्याचं काही माहीत नव्हतं. बहीण चार मजले वर अपॉइंटमेंटच्या खिडकीवर बसते, रोज दुपारी कँटीनमध्ये भेटते, आणि ही बातमी साहेबांकडून कळते! त्याला राग आला. पण राग यायलाही अंगात जोर लागतो. "उद्या देतो," एवढंच तो म्हणाला.

ताईचं काम काय, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. इस्पितळात तपासणीची वेळ घेतली की रुग्णाने "मी येतोय" असं आदल्या दिवशी, त्याच वेळेच्या आत कळवायचं. उद्या अकराची वेळ असेल, तर आज अकरापर्यंत. नाही कळवलं, तर ती वेळ काढून दुसऱ्या गरजूला द्यायची. कळवायची मुदत टळलेल्यांची नावं खिडकीवरच्या स्क्रीनवर येतात. खिडकीवरच्या बाईने ती बघायची आणि 'रद्द करा' दाबायचं. फक्त एक पथ्य. ज्यांच्या नावापुढे लाल खूण आहे, म्हणजे ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांना हात लावायचा नाही. त्यांची नावं आधी बाजूला काढायची, मग बटण दाबायचं. माणूस नेमलाय तो एवढ्यासाठीच.

आणि तीन वेळा असं झालं, की ताईने बटण दाबलं आणि लाल खूण असलेल्या रुग्णाची वेळ रद्द झाली. पहिल्यांदा कुणी फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा समज मिळाली. तिसऱ्यांदा ती बाई आली, पोटावर टाके, सोबत कुणी नाही. तुमची वेळच नाही म्हणून तिला परत पाठवलं, आणि टाके पिकून चार दिवसांनी तिला पुन्हा भरती करावं लागलं. वाचली, पण नशिबाने. तिच्या मुलाने इस्पितळ डोक्यावर घेतलं, आणि बरोबरच केलं त्याने.

बाकीच्या खिडक्यांवर असं एकदाही झालं नव्हतं. फक्त ताईच्याच.

संध्याकाळी पिंट्या ताईकडे गेला. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, समोरच्या ओट्यावर भांडी घासून पालथी घातलेली. घरात कसलाच आवाज नव्हता, आणि हेच त्याला आधी खटकलं. या वेळेला ताईची नात इथे असायची. आई-बाप दोघं कामावर, म्हणून खिडकी बंद झाली की शाळेतून ताईच तिला आणायची. आल्या आल्या ती पोर पिंट्याच्या टकलावर चापट मारायची आणि "तबला!" म्हणून ओरडायची.

"तबलजी कुठाय?"

"सूनबाईला सांगितलं, तिला पाळणाघरात ठेव म्हणून," ताई म्हणाली. "माझ्यावर सोडू नकोस म्हटलं."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही, पिंट्या. नीट ऐक. त्या बाईचं नाव मी बघितलं असणार. लाल खूण बघितली असणार. आणि तरी मी बटण दाबलं. नोंद सांगते ना तसं. पण मला आठवत नाही. मला शपथेवर वाटतंय की ते नाव तिथे नव्हतं." ती थांबली. "आईपण शपथेवरच सांगायची."

आता कळलं त्याला. राजीनामा त्या बाईच्या टाक्यांमुळे नव्हता, मुलाच्या आरडाओरड्यामुळेही नव्हता. त्यांची आई शेवटची सहा वर्षं विसरत विसरत गेली. आधी वस्तू विसरली, मग माणसं, आणि शेवटी पिंट्याला आपला थोरला दीर समजून त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायला लागली. ताईने ते सगळं हाताने निस्तरलं होतं. आणि आता आईला लागलं होतं तेच आपल्याला लागलंय, अशी तिची खात्री पटली होती.

"गॅस बंद करून मी दोन-दोनदा जाऊन बघते," ताई म्हणाली. "काल पाण्याचा नळ बंद केला आणि परत बघायला गेले. बंदच होता. पण बघितल्याशिवाय चैन पडेना. अशा बाईच्या हाती कुणी पोर सोपवावं का? उद्या रस्त्यात हात सुटला तर?"

"ताई, काही झालेलं नाही तुला. या वयात होतं असं थोडंफार. दगदग किती आहे तुला."

ताईने वर बघितलं. रागाने नव्हे, पण पिंट्याला ती नजर सोसवली नाही.

"आईशी तू असाच बोलायचास," ती म्हणाली. "असाच मऊ आवाज काढून."

त्याने चहा घेतला आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ती एक ओळ लिहायला तो बसला. प्रोग्राममध्ये दोष आढळला नाही. अशा ओळी त्याने आयुष्यात किती लिहिल्या असतील कोण जाणे. बघून लिहिल्या त्यापेक्षा न बघता लिहिल्या त्याच जास्त. आज मात्र हात अडला. प्रोग्रामवर त्याला संशय होता असं नाही. ताईचीच चूक असणार असं त्यालाही मनातून वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण तिला उद्या विचारलं तर "बघितलं मी" एवढं तरी म्हणता आलं पाहिजे, म्हणून त्याने कोड उघडला.

तो कोड प्राध्यापकाचा होता. प्राध्यापक म्हणजे शिकवणारा नव्हे. विभागात पूर्वी असलेल्या एकाला सगळे तसं म्हणायचे, कारण चहा मागतानाही तो पाच मिनिटं बोलायचा. तो केव्हाच मोठ्या पगारावर दुसरीकडे गेला होता. पिंट्याच्या उमेदीच्या काळात साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायचा, म्हणजे क्वेरी लिहायची, तर तिची भाषाच वेगळी असे. प्रोग्राम एका भाषेत, आणि त्याच्या मध्येच अवतरणचिन्हांत कोंबलेली ही दुसरी भाषा. प्रोग्रामला त्यातलं अक्षर कळायचं नाही. तो बिचारा निरक्षर शिपायासारखा चिठ्ठी घेऊन जायचा आणि चिठ्ठीत चूक असली तर तिकडून शिव्या खाऊन परत यायचा. मग नव्या भाषा आल्या आणि प्रश्न विचारायची सोय भाषेच्या पोटातच आली. प्राध्यापक तर नाचलाच होता. "काका, आता ज्या भाषेत बोलायचं त्याच भाषेत विचारायचं! चूक झाली तर तिथल्या तिथे कळणार!" आणि खरं होतं ते. पिंट्यालाही ती भाषा आवडली होती. वाचावी तर सरळ वाक्यासारखी: वेळांमधून अशा वेळा घे, ज्यांची मुदत टळली आहे आणि ज्यांनी कळवलेलं नाही.

पण या सोयीत एक मेख आहे, आणि ती भल्याभल्यांना चकवते. क्वेरी लिहिली म्हणजे ती विचारली गेली, असं नाही. ती नुसती तयार होऊन बसून राहते. उत्तराला कुणी हात लावला की तेव्हा ती विचारली जाते. आणि पुन्हा हात लावला की पुन्हा, नव्याने. कोडमध्ये बघावं तर नाव एकच, ओळ एकच. वाटतं, उत्तर एकदा आलं आणि त्या नावात जाऊन बसलं. कसलं बसतंय!

पिंट्याने दोन ओळी वाचल्या. मग चष्मा बदलून पुन्हा वाचल्या. पहिल्या ओळीत त्या क्वेरीतून नावं स्क्रीनवर दाखवली होती. आणि बटण दाबल्यावर जो भाग चालायचा, तिथे त्याच क्वेरीवरून वेळा रद्द केल्या होत्या. बाजूला काढलेली नावं तेवढी वगळून. म्हणजे दाखवताना एकदा विचारलं, रद्द करताना परत विचारलं. दोन्हींच्या मधे घड्याळ काही थांबलेलं नसतं. मधल्या वेळात आणखी ज्यांची मुदत टळली ते दुसऱ्या उत्तरात आले, आणि गेले. स्क्रीनवर न येताच गेले.

मग फक्त ताईच्याच खिडकीवर का? याचं उत्तर त्याला शोधावं लागलं नाही. बाकीच्या खिडक्यांवरच्या मुली नावं बघायच्या, लाल खुणा बाजूला काढायच्या आणि लगेच बटण दाबून मोकळ्या व्हायच्या. मधे मिनिटही जायचं नाही. ताई मात्र एकेकाला फोन करायची. नियमात नव्हतं. कुणी तिला सांगितलंही नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवरचे संदेश वाचता येत नाहीत, कुणाची मुलं परगावी असतात, म्हणून ही बाई रोज सकाळी नावं समोर ठेवून तासभर फोन करत बसायची. "आजोबा, येताय ना उद्या?" येतो म्हणाले की वेळ पक्की करायची, आणि सगळं झाल्यावर शेवटी बटण दाबायची. त्या तासाभरात पाठीमागे नवी नावं येऊन उभी राहत. जितकी जास्त काळजी घ्यावी तितकी चूक मोठी! घाईच्या बायका निर्दोष आणि ही दोषी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुरुस्ती एका शब्दाची होती. उत्तर पहिल्यांदाच घेऊन हातात घट्ट धरून ठेवायचं, की झालं.

तो साहेबांकडे गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं; हुशार माणूस, पहिल्या फटक्यात समजला. समजल्यावर उठून दार लावलं.

"काका, उत्तम काम केलंत. आता शांतपणे दुरुस्त करून टाका."

"आणि तक्रारीच्या कागदावर?"

"कागदावर आहे तेच राहू द्या. अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रोग्रामचा दोष म्हटलं की चौकशी आली, आधीच्या सगळ्या रद्द वेळा उकरून काढणं आलं. तुम्हीच बसणार आहात का ते उकरायला? ताईंनी स्वतःहून लिहून दिलंय. निवृत्तीला राहिलंय तरी किती त्यांच्या? घरी आराम करतील."

"बरं," पिंट्या म्हणाला. हे "बरं" त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की डोक्याला विचारल्याशिवायच बाहेर पडायचं.

पण निदान ताईला तरी सांगावं, म्हणून कामावरून सुटल्यावर तो सरळ तिच्याकडे गेला. जिना चढताना त्याला हलकं वाटत होतं. चांगली बातमी घेऊन जायची वेळ त्याच्यावर किती दिवसांनी आली होती! त्याने ताईला समोर बसवलं आणि जमेल तसं फोड करून सांगितलं. तू स्क्रीनवर बघत होतीस तो फोटो नव्हता, ताई. ती खिडकी होती. तू फोन करत होतीस तोवर खिडकीबाहेर माणसं बदलली. तू दाबलंस ते बाहेरच्यांना लागू झालं. ती बाई तुला दिसलीच नव्हती. तू बरोबर होतीस.

ताईने सगळं शांतपणे ऐकलं. मधे एकदा विचारलंसुद्धा, "म्हणजे स्क्रीनवरची नावं तशीच राहायची?" तो म्हणाला, तशीच. त्याला वाटलं, पटलं.

"मग हे तुझ्या साहेबांनी लिहून दिलं का?"

पिंट्याने चष्मा काढून पुसला.

"नाही दिलं."

"मोठ्या बाईंना सांगितलंस?" मोठ्या बाई म्हणजे सगळ्या खिडक्यांवरच्या प्रमुख.

"अजून नाही. साहेबांचं म्हणणं..."

"राहू दे रे." ताईने त्याच्या हातावर हात ठेवला. ती आता त्याचीच समजूत घालत होती. "आईची अंगठी हरवली तेव्हा तू तशीच दुसरी आणून गादीखाली ठेवलीस आणि म्हणालास, बघ आई, इथेच होती. आठवतंय? मला वाईट वाटू नये म्हणून तू दिवसभर बसून काहीतरी शोधून काढलंस. तुझं मन चांगलं आहे. पण मला असलं काही नको, पिंट्या. आईला आपण जसं फसवत ठेवलं तसं मला ठेवू नका कुणी. मला कळायला हवं, कळतंय तोवर."

"अगं पण हे खरं आहे!"

"आवाज चढवला म्हणून खरं होत नाही."

घ्या! आयुष्यात एकदा माणूस खरं घेऊन आला, आणि आधीच्या लाख मायेच्या खोट्यांनी त्याची वाट अडवली. पिंट्या जिना उतरला तेव्हा त्याला इतकं थकल्यासारखं झालं की खालच्या पायरीवर तो बराच वेळ बसून राहिला. त्याला कळून चुकलं होतं. त्याने सांगून भागणार नव्हतं. ज्याला ताईची कणव नाही अशा कुणाच्या तरी तोंडून ते यायला हवं होतं.

आणि तसं माणूस होतं. मोठ्या बाई. इस्पितळात त्यांच्याइतकं रोखठोक दुसरं कुणी नव्हतं. ताईला समज देणाऱ्या त्याच, राजीनामा टेबलाच्या खणात ठेवणाऱ्याही त्याच. त्यांनी कुणाचं मन राखलंय असं कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी पिंट्या दुरुस्ती न करता तसाच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. साहेबांना "बरं" म्हणाला होता, तरी गेला.

"मला तुमची ती क्वेरी-बिरी कळत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "दाखवता येईल का, तेवढं सांगा."

"येईल. पण मी कशाला हात लावणार नाही. ताई बसेल, तुम्ही बघायचं."

मोठ्या बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग फोन उचलून ताईला तिच्याच खिडकीवर बोलावलं.

ताई आली, पण नाइलाजाने. "कशाला रे लोकांचा वेळ खातोस," असं पुटपुटली. मोठ्या बाईंनी खुर्ची ओढून तिच्या मागेच बैठक मारली. त्यांनी पर्समधून एक वापरलेलं पाकीट काढलं आणि स्क्रीनवरची नावं त्याच्या मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने उतरवली. लाल खूण एकच होती. ताईने ते नाव बाजूला काढलं.

"आता तुम्ही रोज करता तेच करा," मोठ्या बाई म्हणाल्या. "जेवढा वेळ लावता तेवढा लावा."

ताईने फोन लावायला सुरुवात केली. आधी आवाज कापत होता. मग सवयीने ती कामात शिरली. "आजी, मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही... हो, उद्याच... काठी घेऊन या हां, जिना आहे." शेजारच्या खिडकीवरची मुलगी केव्हाच आपलं बटण दाबून नखं बघत बसली होती. पिंट्या भिंतीला टेकून उभा होता. मधेच त्याच्या मनात आलं, आज नेमकी मागून कुणाचीच मुदत टळली नाही तर? मग सगळंच मुसळ केरात. त्याने घड्याळाकडे बघितलं. मोठ्या बाई हलल्या नाहीत. स्क्रीनवरची नजर त्यांनी एकदाही काढली नाही.

शेवटचा फोन झाला. ताईने मागे वळून बघितलं. मोठ्या बाईंनी मान हलवली. तिने बटण दाबलं. 'काम पूर्ण झाले,' स्क्रीन म्हणाली. तेवढंच म्हणायची ती नेहमी.

मोठ्या बाईंनी ताईला उठवलं, स्वतः बसल्या आणि उद्याच्या रद्द झालेल्या वेळा उघडल्या. पाकीट शेजारी धरून एकेका नावावर बोट ठेवत खाली आल्या. तीन नावांपाशी बोट थांबलं. त्यातलं एक लाल खुणेचं होतं.

"ही तीन माझ्या पाकिटावर नाहीत," त्या म्हणाल्या.

त्यांनी ती पुन्हा एकदा पाकिटाशी ताडून पाहिली.

"मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. ही स्क्रीनवर आलीच नाहीत." मोठ्या बाई वळल्या. चेहरा नेहमीसारखाच, कोरा. "बाई, तुमची चूक नव्हती. मागच्या वेळीही नसणार. मी तुम्हाला बोलले ते चुकीचं बोलले. राजीनामा माझ्या खणात आहे, तो घेऊन जा आणि फाडून टाका." मग पिंट्याकडे बघून, "तुमच्या साहेबांना मी भेटते. कागदावर काय लिहायचं ते मी सांगते त्यांना." आणि त्या तिघांना आपल्या वेळा परत द्यायला त्या स्वतःच बसल्या.

ताई तशीच उभी होती. "म्हणजे नव्हतंच ते नाव?" तिने हळूच विचारलं.

"नव्हतं म्हटलं ना. किती वेळा सांगू?" मोठ्या बाई खेकसल्या.

त्या खेकसण्याने ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका वेळ सगळे तिच्याशी गोड बोलत होते. कुणी खेकसलं नव्हतं.

दोघं कँटीनमध्ये जाऊन बसली. ताईने आधी सुनेला फोन केला. "आज मी आणते गं तिला शाळेतून. हो, मीच. पाळणाघराला सांग." फोन ठेवून ती हसली, आणि चेहरा पुसला, आणि परत हसली. पिंट्याने दोन चहा आणले. त्याला वाटलं, आता निदान आज रात्री झोप लागेल. साहेब काय करायचं ते करोत. जुन्या वेळा उकरायच्या तर उकरू. नाहीतरी कुठे रिकामा होता तो.

ताईचा चहा निवत चालला होता. ती हसायची थांबली होती.

"पिंट्या."

"हं."

"जुन्या घराचं दार. आठवतंय? तीनदा सताड उघडं सापडलं. आई म्हणायची, मी कुलूप लावलं होतं, कडी घातली होती, शपथ घेते. आपण तिच्याकडून किल्ली काढून घेतली. बाहेरून कुलूप घालून कामावर जायला लागलो."

पिंट्याने कप खाली ठेवला.

"त्याआधी ती रोज खाली जायची रे. भाजी आणायची. बायकांशी गप्पा मारायची. हिशेब सगळा तोंडपाठ होता तिचा तेव्हा. घरात कोंडल्यावरच ती हळूहळू..." ताई त्याच्याकडे बघत होती. "ते कुलूप तू कधी तपासलं होतंस का? कुणाला बोलावून दाखवलं होतंस?"

ते घर विकून कितीतरी वर्षं झाली होती. घेणाऱ्यांनी ते दारासकट पाडलंही होतं. पिंट्याच्या जिभेवर तो मऊ आवाज आपसूक आला. नाही गं ताई, आईचं तेव्हाच सुरू झालं होतं, डॉक्टरही म्हणाले होते. पण ताई बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "नाही दाखवलं."

"मीपण नाही," ताई म्हणाली.

शाळा सुटायची वेळ झाली होती. ताई उठली, पर्स घेतली, आणि नातीला आणायला निघाली.